एक नंबर!

ऑनलाइन विक्री सुरू करताय? अभिनंदन. जीएसटी नंबर आला, बँक खातं जोडलं, पांढरी चादर अंथरून पुतण्याकडून मालाचे फोटो काढून घेतले. आता फक्त स्वाभिमान कुठे ठेवायचा ते ठरवा. पहिला रिव्ह्यू यायच्या आत ठरवलेलं बरं, कारण नंतर तो सापडत नाही. आमचा माळ्यावर आहे, जुन्या लाकडी फर्म्यांच्या पोत्यात. अधूनमधून उंदीर कुरतडतात, पण एकंदरीत सुरक्षित आहे.

आमचा धंदा कोल्हापुरी चपलांचा. आजोबांनी सुरू केला, वडिलांनी वाढवला, मी इंटरनेटवर आणला. वडिलांच्या वेळी गिऱ्हाईक बाकड्यावर बसायचं, पाय पुढे करायचं. चप्पल आवळली तर वडील म्हणायचे, "चार दिवस घाला की पावणं, पायाची होतीय." आठवड्यानं पावणं परत आलं तर अंगठा ठोकून सैल करून द्यायचे, वर चहा पाजायचे. तक्रार दुकानात यायची आणि चहा पिऊन आपल्या गावी जायची. आता ती रात्री पावणेबाराला धुळ्यात कुणीतरी अंथरुणात पडल्या पडल्या लिहितं, आणि ती कुठेही जात नाही. आपण जाऊ, दुकान जाईल, ती तिथेच राहील. खाली लिहिलेलं असेल, '४७ लोकांना हा अभिप्राय उपयुक्त वाटला.'

तेव्हा नव्या विक्रेत्यानं पहिल्यांदा काय करावं, तर आपल्या मालाबद्दल आपल्याला काही कळतं हा गैरसमज सोडावा.

आमचंच घ्या. हे चामडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं असतं. जनावर वेगळं, कातडं वेगळं, त्यामुळे रंगात उन्नीस-बीस होणारच. कोल्हापुरातल्या सुभाषनगरातला कारागीर मांडी घालून हातानं शिवतो, वेणी हातानं घालतो. साहजिकच डावी चप्पल उजवीची सख्खी बहीण दिसते, जुळी नाही. यावर अभिप्राय आला, 'दोन्ही पीस सेम नाहीत. फसवणूक.' तारा एक. दोन्ही तंतोतंत सेम हवे असतील तर शेजारच्याच लिस्टिंगमध्ये 'कोल्हापुरी स्टाइल' नावाची रेक्झिनची चप्पल आहे. ती साच्यातून निघते, कोल्हापूर तिनं नकाशातसुद्धा पाहिलेलं नसतं, आणि तिला चार पूर्णांक चार तारे आहेत. आम्हाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांच्या नावानं सरकारी शिक्कामोर्तब झालं. तो शिक्का तुम्ही लिस्टिंगमध्ये अवश्य टाका. गिऱ्हाईक तो पाहतं आणि खाली विचारतं, 'धुता येते का?'

मग आवाजाचं प्रकरण. आमच्याकडे चप्पल करकरली पाहिजे म्हणून लोक मुद्दाम तशी करून घेतात. गल्लीच्या तोंडाशी पाऊल पडलं की घरात कळलं पाहिजे, मालक आले. पैलवान गड्याची तर चप्पल आधी येते आणि गडी मागून येतो. अशी एक जोडी मी हौसेनं पाठवली. उत्तर आलं, 'चालताना आवाज येतो. डिफेक्टिव्ह पीस. ऑफिसात सगळे बघत होते.' अहो, बघत होते म्हणजे वसूल झाले की पैसे! पण असं लिहायचं नसतं. लिहायचं असं: 'प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.'

हे उत्तर लिहिण्याची एक पद्धत आहे, ती सांगून ठेवतो. आधी मनात येईल ते अस्सल कोल्हापुरीत लिहून काढा. बायकोला मोठ्यानं वाचून दाखवा. ती म्हणेल, "पाठवा, काय हुतंय ते हुंदे." तिचं ऐकू नका. सगळं पुसा, आणि वरची दोन औपचारिक वाक्यं चिकटवा. राग व्यक्त करायचं आमच्या भागातलं पारंपरिक साधन आणि आमचा विकायचा माल एकच आहे, त्यामुळे आम्हाला हा संयम जरा जास्तच जड जातो. साडीवाल्यांना, मसालेवाल्यांना तेवढं अवघड नसावं.

पावसाळ्यात काळजी घ्या. म्हणजे मालाची नाही, मनाची. लिस्टिंगमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की पावसात घालू नये, पाणी लागलं तर सावलीत वाळवून तेलाचा हात फिरवावा. जुलैत फोटो येतो: चिखलात रुतलेली, फुगून पुरीसारखी झालेली चप्पल, आणि खाली 'एका दिवसात खराब'. चप्पल ताम्हिणीच्या धबधब्याखाली नेऊन आणलेली असते. एक तारा. धबधब्याला मात्र त्याच माणसानं पाच दिलेले असतात.

कुरिअरवाला उशिरा आला, त्यानं फोन केला नाही, सोसायटीच्या वॉचमनशी भांडला, खोका भिजला, लिफ्ट बंद होती: या सगळ्याचे तारे चपलेच्या खात्यातून वजा होतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. एका बाईंनी लिहिलं होतं, 'चप्पल मस्त आहे, पण ज्यांना भेट दिली त्यांनी साधं थँक्यू म्हटलं नाही.' दोन तारे. मी बराच वेळ विचार केला की यात माझं नेमकं कुठे चुकलं. मग नेहमीची दिलगिरी चिकटवली.

अन्याय झाला असं वाटलं तर ज्या वेबसाइटवर माल विकता त्या कंपनीच्या मदत कक्षाकडे दाद मागता येते. जरूर मागा, वेळ छान जातो. आधी एक यंत्र तुमच्याशी बोलतं. मग माणूस बोलतो, तो यंत्रासारखा. ७२ तासांनी निकाल येतो की सदर अभिप्राय आमच्या धोरणांचं उल्लंघन करत नाही. एकदा परत आलेल्या खोक्यात माझ्या जोडीऐवजी एकच निळी रबरी स्लिपर निघाली, तीही डाव्या पायाची, टाच झिजलेली. मी सहा बाजूंनी फोटो पाठवले. उत्तर आलं की पुराव्यात खोका उघडतानाचा व्हिडिओ नाही. तेव्हापासून घरात कुठलंही पार्सल आलं की आधी मोबाइल उभा करतो आणि मग कात्री घेतो. मेहुणीनं दिवाळीचा फराळ पाठवला तोही असाच उघडला. चकल्या मोजून घेतल्या.

आता थोडं गणित, कारण धंद्यात ते लागतं. समजा तुम्हाला एक तारा देणारा एकच भेटला. सरासरी चार पूर्णांक आठवर आणायला पाच तारे देणारे किती लागतील? १९. अंकगणित आहे, करून बघा. एका माणसाचा चिखल धुवायला १९ माणसं. आणि ती १९ काय करतात? चप्पल घालून फिरतात. समाधानी माणसाला लिहायला वेळ नसतो, तो कुठेतरी लग्नाला गेलेला असतो. या १९ जणांना फोन करून 'दोन ओळी लिहा की राव' म्हणायची सोय नाही, कारण त्यांचे नंबर तुमच्यापासून झाकून ठेवलेले असतात. उलट काही व्यवहारी गिऱ्हाइकं मात्र स्वतःहून तुमच्यापर्यंत पोचतात. खोक्यावर छापलेल्या दुकानाच्या नंबरावर मेसेज येतो: 'पाच स्टार देतो, २०० रुपये गुगल पे करा. नाहीतर खराब लिहीन.' याला खंडणी म्हणू नका, असभ्य दिसतं. ग्राहकसंवाद म्हणा.

मग आपणच मेहुण्याच्या मोबाइलवरून पाच तारे का देऊ नयेत, हा विचार प्रत्येक विक्रेत्याच्या मनात तिसऱ्या आठवड्यात येतो. देऊ नका. ई-कॉमर्ससाठी ग्राहक संरक्षणाचे २०२० चे नियम आहेत, त्यानुसार विक्रेत्यानं ग्राहकाचं सोंग घेऊन अभिप्राय लिहायला मनाई आहे. २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० नावाचं मानकही काढलं. योग्यच आहे. विक्रेत्यानं ग्राहकाचं सोंग घेऊ नये. ग्राहकानं चर्मोद्योगतज्ज्ञाचं सोंग घेतलं तर मात्र त्याला 'टॉप रिव्ह्यूअर' असा बिल्ला मिळतो.

या सगळ्याचं मूळ शोधायला अमेरिकेत जावं लागतं. १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार नावाच्या माणसानं लिलावाची वेबसाइट काढली, तीच पुढे ईबे झाली. तिथे सुरुवातीलाच विकली गेलेली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. ओमिड्यारनं घेणाऱ्याला विचारलं, बाबा रे, मोडका आहे हे कळलंय ना? तो म्हणाला, मी मोडके लेझर पॉइंटरच गोळा करतो. काय माणूस! मोडकी वस्तू मागवली, मोडकी मिळाली आणि खूश झाला. असली गिऱ्हाइकं पाहूनच माणसं मुळात चांगली असतात असं त्या सद्गृहस्थाला वाटलं असावं, कारण पुढच्याच वर्षी त्यानं एकमेकांबद्दल अभिप्राय लिहायची सोय केली. तेव्हा विक्रेताही गिऱ्हाइकाबद्दल वाईट लिहू शकत होता. २००८ मध्ये ते बंद झालं. तेव्हापासून तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आमच्या कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, जाऊन विचारा, हा हक्क परत मिळाला तर कुणाकुणाबद्दल काय काय लिहाल? मंडळी वही घेऊनच बसतील. 'पायाचं माप सांगितलं नाही. फोटो टाचेचा पाठवला. घालून लग्नात नाचला आणि तिसऱ्या दिवशी परत केली. पट्ट्यात अक्षता अडकलेल्या होत्या.'

माल चांगला असला की बोलतोच, असं काही वडीलधारे सांगतील. त्यांच्या पाया पडा आणि विषय बदला. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या रॅम्पवर आमच्यासारखीच चप्पल चालली. आधी नुसतं 'लेदर सँडल' म्हणाले, इकडून बोंब उठल्यावर प्रेरणा भारतातली हे मान्य केलं. तिथे पहिल्या रांगेत बसलेल्या कुणी 'अंगठा टोचतो' म्हणून एक तारा दिल्याचं ऐकिवात नाही.

पण मी हा लेख लिहायला बसलो तो वेगळ्याच रिव्ह्यूमुळे. मागच्या महिन्यात कऱ्हाडच्या एका गिऱ्हाइकानं कापशी प्रकारच्या कोल्हापुरीचा जोड नेला. एक तारा. मी छातीवर दगड ठेवून खालचा मजकूर उघडला. लिहिलं होतं: 'एक नंबर चप्पल! नाद खुळा. घरात सगळ्यांना आवडली.'

एक नंबर. म्हणून एक तारा. भावानं मनापासून दिला होता.

मदत कक्षाला कळवलं की हो, हे कौतुक आहे, आमच्या भाषेत एक नंबर म्हणजे सगळ्यात भारी. पलीकडचा माणूस बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, ग्राहकानं दिलेलं रेटिंग बदलता येत नाही. आणखी काही मदत करू शकतो का?" संभाषण संपल्यावर त्यानं मलाच त्याच्या सेवेला तारे द्यायला सांगितले. मी एक दिला. त्याला काय वाटायचं ते वाटू दे.

परवा त्याच कऱ्हाडच्या पत्त्यावरून नवी ऑर्डर आली. तीन वेगवेगळ्या डिझाइनचे तीन जोड. माणूस खूश आहे, पाहुण्यारावळ्यांनाही देणार असेल. उद्या संध्याकाळपर्यंत माल निघाला नाही तर मला दंड आहे. तिन्ही खोके भरून समोर ठेवलेत, टेप मारायची तेवढी राहिलीय. बायको म्हणते, आत एक चिठ्ठी घाला.

चिठ्ठीत काय लिहायचं ते सुचत नाहीये.