व्हिसा लागला म्हणजे झालं, असं नाही

इंग्लंडला शिकायला निघालेल्या आपल्याकडच्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "स्टुडंट व्हिसा लागला की टेन्शन संपलं. पाहिजे तेवढं काम करा. मुदत संपली तरी मागून अर्ज करता येतो. तिथं मूल झालं तर ते तिथलंच नागरिक. दहा वर्षं काढा, कायमचे व्हा. खात्यात पैसे दाखवायची सोय आम्ही करतो." दारव्ह्याकडचा एक पोरगा परवा तो घेऊन माझ्याकडे आला. बापानं तीन एकर गहाण टाकलंय. मी स्वतः राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर तिथं शिकून आलो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

"टेन्शन संपलं." वावर मक्त्यानं घेतलं की ते पाडव्यापर्यंत आपलं, आणि तेही ठरलेल्या अटींवर. तिथं राहायच्या परवानगीचं तसंच आहे. आता पासपोर्टवरच्या स्टिकरपेक्षा ऑनलाइन ई-व्हिसा महत्त्वाचा. जुनी रहिवासी कार्डं 2024 अखेर बंद झाली. आपल्या ई-व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात शिरलं की मुदतीची तारीख आणि कामाच्या अटी दिसतात. विद्यापीठ तुमचं प्रायोजक असतं. वर्गात जाणं सोडलं किंवा फी थकून नाव कमी झालं, तर त्याला होम ऑफिसला, म्हणजे तिथल्या गृहखात्याला, कळवावंच लागतं. मग व्हिसा दीड वर्षाचा उरलेला असला तरी तो आखडता घेतात, बहुधा 60 दिवसांवर आणतात.

"पाहिजे तेवढं काम करा." इथंच आपली सगळ्यात जास्त पोरं अडकतात. पदवी आणि त्यापुढच्या शिक्षणाला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, आणि आठवडा सोमवार ते रविवार. एका आठवड्यात 28 आणि पुढच्यात 12 केले तर सरासरी 20 येते खरी, पण नियम मोडला तो मोडलाच. त्या पोराला मी विचारलं, "उन्हाळ्यात किती करशील?" म्हणाला, "दादा, सुट्टीच असते ना, मंग कायले मोजाचं?" वर्षभराच्या मास्टर्सला उन्हाळा प्रबंधाचा असतो, वर्ग नसले तरी तो सत्रातच मोडतो. 20 ची मर्यादा तेव्हाही लागू. आणि सायकलवर जेवण पोचवायचं काम? ते बहुधा स्वयंरोजगार धरतात, तो विद्यार्थ्याला एक तासही चालत नाही. दुसऱ्याच्या नावाच्या ॲप-खात्यावरून करणं तर त्याहून वाईट. परवानगी नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तर मालकाला पहिल्यांदाच माणशी 45,000 पौंडांपर्यंत दंड आहे. धाड पडली की तोही तुमच्या पाठीशी उभा राहत नाही.

"मुदत संपली तरी मागून अर्ज." मुदतीच्या आत अर्ज गेला तर निकाल लागेपर्यंत जुनी परवानगी त्याच अटींवर चालू राहते. तारीख उलटली की हे संरक्षण गेलं. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसाही तिथं असतानाच आणि स्टुडंट व्हिसा जिवंत असतानाच मागावा लागतो. तो सध्या 2 वर्षांचा आहे. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज केलात तर 18 महिन्यांचा (पीएचडीवाल्यांना 3 वर्षं). कर्जफेडीचं गणित मांडताना हे कमी झालेले सहा महिने धरा. मुदतीनंतर महिन्याहून जास्त राहून आपल्या खर्चानं परतलं तरी साधारण वर्षभर पुन्हा जाता येत नाही.

मुलाच्या नागरिकत्वाची गोष्ट 1 जानेवारी 1983 पासूनच खोटी आहे. जन्माच्या वेळी आई किंवा बाप ब्रिटिश नागरिक किंवा तिथं कायम रहिवासी असावा लागतो. स्टुडंट व्हिसावरचे आईबाप त्यात बसत नाहीत.

"दहा वर्षं काढा." नुसती काढून होत नाही. ती सलग आणि कायदेशीर असावी लागतात, वर अर्ज, इंग्रजी, परीक्षा, भरमसाट फी. लपूनछपून काढलेली वर्षं त्यात मोजत नाहीत.

राहिली पैशांची सोय. रक्कम सलग 28 दिवस खात्यात दाखवावी लागते, म्हणून एजंट ती व्याजानं ठेवतात आणि मग काढून घेतात. खोटा कागद पकडला गेला तर 10 वर्षांची बंदी येते, आणि ती एजंटाच्या नाही, पोराच्या नावावर.

त्या पोराचा ई-व्हिसा आम्ही माझ्या ओट्यावर बसून उघडला. मुदतीची तारीख त्यानं त्याच्या मायला वाचून दाखवली. माउलीनं ती भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर खडूनं लिहून घेतली. तुमचं पोर तिथं गेलेलं असेल तर आज फोन करून तारीख विचारा. जवळ आली असेल तर त्याला विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात पाठवा, तिथला सल्ला फुकट असतो.