‘सगळं ऑनलाइन आहे, मग पत्रकार कशाला?’

सध्या एक दावा जोरात फिरतोय: अर्थसंकल्प संकेतस्थळावर आहे, माहितीचा अधिकार हाताशी आहे, मंत्री स्वतः लाइव्ह येतात; मग सरकार आणि जनतेच्या मध्ये पत्रकार हवाच कशाला? त्यातून ते सगळे विकले गेलेले. एकेक तुकडा घेऊ.

‘अर्थसंकल्प कुणीही वाचू शकतो.’ केंद्राच्या अर्थसंकल्पात योजनेपुढे चार रकाने असतात: गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. समजा, यंदा १०० कोटी जाहीर झाले, सुधारित अंदाजात ते ६० वर आले आणि पुढच्या वर्षासाठी ८० ठेवले. सुधारित अंदाजाशी तुलना केली तर ३३ टक्के वाढ, मूळ घोषणेशी केली तर २० टक्के कपात. भाषणात यातलं काय येईल हे सांगायला नको. प्रत्यक्ष खर्च कळतो तो पुढच्या अर्थसंकल्पात, तोवर घोषणा जुनी झालेली असते. जुनी कागदपत्रं काढून तो रकाना तपासणं हे वार्ताहराचं काम. भाषणातला आकडा तसाच छापणारेही असतात, पण ते कामचुकारपणाचं उदाहरण झालं.

‘आरटीआय आहे की.’ आहे. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर; आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत दुसरं. पण दुसरं अपील किती दिवसांत निकाली काढायचं, याची मुदतच कायद्यात नाही, आणि प्रकरणं तिथेच तुंबतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांत हवा. ‘निधी का वळवला?’ असं विचारलं की हमखास नकार येतो, कारण कायदा अस्तित्वात असलेली कागदपत्रं देतो, खुलासा नव्हे. ‘अमुक तारखेच्या फाइलवरील टिपण्यांच्या प्रती’ असं मागावं लागतं. म्हणजे अशी फाइल आहे, हे आधी ठाऊक हवं. ते कळतं मंत्रालयात चपला झिजवल्यावर.

‘माहिती खुली झाली की सत्य आपोआप कळतं.’ राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्यासाठी आणलेल्या निवडणूक रोख्यांचं प्रकरण इथे नीट पाहावं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने योजना घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेने तपशिलासाठी ३० जूनपर्यंत मुदत मागितली, ती नाकारली गेली. १४ मार्चला दोन याद्या प्रसिद्ध झाल्या: एकीत रोखे घेणारे, दुसरीत ते वटवणारे पक्ष. कोणाचा रोखा कोणाकडे गेला, हे जोडायला दोहोंत काहीच नव्हतं. ते जोडणारे क्रमांक न्यायालयाने पुन्हा खडसावल्यावर २१ मार्चला आले. रोख्यावर असा छुपा क्रमांक असतो, हे मात्र एका महिला पत्रकाराने २०१८ मध्येच रोखे विकत घेऊन, प्रयोगशाळेत अतिनील प्रकाशात तपासून दाखवलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या हरकतींची कागदपत्रं २०१९ मध्ये छापून आली, तीही माहिती अधिकार कार्यकर्त्याने मिळवलेली आणि पत्रकाराने संदर्भासह मांडलेली.

क्रमांक आल्यावरही काम उरलंच. पीडीएफमधली पानंच्या पानं तक्त्यात उतरवायची, दोन याद्या जुळवायच्या, एकाच उद्योगसमूहाच्या वेगवेगळ्या कंपन्या संचालकांच्या नोंदींवरून ओळखायच्या, मग त्या कंपन्यांवर पडलेले तपास यंत्रणांचे छापे आणि त्यांना मिळालेली सरकारी कंत्राटं यांच्या तारखा रोख्यांच्या तारखांशेजारी ठेवायच्या. इथे घाई नडते: छाप्यानंतर रोखा घेतला, एवढ्यावरून देवाणघेवाण सिद्ध होत नाही. चांगल्या बातमीत ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तक्त्यात ती गळून पडते.

‘सगळे विकले गेलेत.’ आरोपात तथ्य आहे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकच मजकूर शब्दशः वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून आला होता. पण अंक शेजारी ठेवून ते उघड केलं पत्रकारानेच. पैसे घेऊन छापलेल्या अशा बातम्यांवर, म्हणजे ‘पेड न्यूज’वर, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने वृत्तपत्रांची नावं घेऊन लिहिलेला अहवाल कौन्सिलने आधी दडवला आणि २०११ मध्ये तो माहिती आयोगाच्या आदेशामुळे बाहेर आला. ‘सगळे’ म्हटलं की हे उघड करणाऱ्यांनाही त्याच माळेत ओवलं जातं, आणि पैसे घेऊन छापणाऱ्यांचं फावतं.

राहिला ‘मंत्री थेट बोलतात’ हा मुद्दा. लाइव्हमध्ये प्रश्न निवडतो तो मंत्र्यांचाच माणूस. पत्रकार परिषदेत पहिलं उत्तर बहुधा पाठ केलेलं असतं. कामाचा असतो तो त्यावरचा उपप्रश्न, आणि लाइव्हमध्ये त्यालाच जागा नसते.