‘पोटाच्या डायलिसिसने हृदयावर ताण येत नाही’ : हे अर्धंच खरं

जळगाव-धुळ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: पोटाच्या डायलिसिसचा (सीएपीडी: किडनी निकामी झाल्यावर पोटात पिशवीतलं साखरेचं पाणी भरायचं, काही तासांनी निचरा करायचा) हृदयाला त्रास नाही, पाणी रोज निघतं, म्हणून पथ्य नको, सूज आली तर ४.२५ टक्के साखरेची, म्हणजे जास्त पाणी ओढणारी पिशवी लावा; केळी मात्र बंद.

‘हृदयाला त्रास नाही.’ मशीनवर रक्त गाळणाऱ्या डायलिसिसपेक्षा कमी, हे कबूल. तिथे चार तासांत दोन-तीन लिटर पाणी ओढलं जातं, बीपी पडतो. इथे तो झटका नाही, फिस्टुलाचा (मशीनसाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिन्यांचा) बोजाही नाही. पण पाणी थोडंथोडं साठतं, बीपी चढत जातो, हृदयाची भिंत जाड होते. घरच्यांना कळतं ते धाप लागल्यावरच.

‘पाणी रोज निघतं.’ किती, ते मोजलं का? दोन लिटरची १.५ टक्क्यांची पिशवी चार तासांत साधारण २०० मिली जादा काढते. पोटाचा पडदा साखर लवकर शोषणारा असेल, तर रात्रभर ठेवलेल्या पिशवीतून भरलं त्याहून कमीच बाहेर येतं. निचऱ्याची पिशवी ताणकाट्यावर तोलताना आणखी एक गफलत होते. नळी धुताना सोडलेलं नवं पाणीही निचऱ्याच्या पिशवीतच जातं. ते समजा १०० मिली असलं आणि वजा केलं नाही, तर चार पिशव्यांमागे ४०० मिली फुकट ‘निघालं’. रिकाम्या पिशवीचं वजनही वजा करायचंच.

आणि मीठ. आठ-नऊ ग्रॅम मीठ अंगात राहिलं की सोबत लिटरभर पाणी राहतं. शेवभाजी, लोणचं तर आहेच, पण पापडखारातही सोडियम असतं हे कुणी धरत नाही.

‘सूज आली की ४.२५.’ दोन लिटरच्या या पिशवीत ८५ ग्रॅम ग्लुकोज. त्यातलं बरंचसं रक्तात जातं. मधुमेह्याची साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढतात. घाईने तास-दोन तासांत उपसली तर पाणी निघतं, सोडियम मागे राहतं आणि तहान वाढते. मे महिन्यात पारा ४५ वर असताना हीच पिशवी चालू ठेवली तर उभं राहताच चक्कर येते, उरलीसुरली लघवीही घटते. रोज सकाळी निचरा झाल्यावर वजन आणि बीपी लिहा. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं, किंवा आडवं होताच धाप लागली, तर त्याच दिवशी नेफ्रोलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरला) गाठा.

‘केळी बंद.’ केळ्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून हा नियम; पण तो मशीनवाल्यांचा. पोटात भरायच्या पाण्यात पोटॅशियम नसतं, त्यामुळे रक्तातलं रोज निघून जातं. ते ३.५ च्या खाली गेलं की ठोके चुकू शकतात, डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) चालू असेल तर जास्तच. अशा रुग्णाला डॉक्टर रावेरचं केळं स्वतःहून खायला सांगतात. पण रिपोर्ट पाहून. लघवी बंद झालेल्या काहींचं पोटॅशियम चढलेलंही निघतं.