हिमालयात सायकल नेताय? मग तो किलोमीटरचा रकाना आधी खोडा

मे महिना लागला की सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक एक्सेल शीट फिरायला लागते. मनाली ते लेह आणि वर खारदुंग ला ही खिंड. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात कुठून कुठे, तिसऱ्यात किलोमीटर. झालं प्लॅनिंग! मला विचाराल तर तिसरा रकाना खोडून तिथे एकच आकडा लिहायचा: आज रात्री किती उंचीवर झोपणार. डोंगरातली सहल जमते की फसते ते याच आकड्यावर ठरतं, आणि आपण हॉटेलपासून जर्सीच्या रंगापर्यंत सगळं ठरवतो, तो तेवढा राहून जातो.

याचं एक कारण मला बीआरएम वाटतं, म्हणजे ठरलेल्या वेळात लांबचं अंतर संपवायच्या सायकल राइड. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर, वीस तासांत ३००, चाळीस तासांत ६००. या हिशेबाने आपल्याकडच्या किती तरी लोकांना शिस्त लावली, रात्री सायकल चालवायला शिकवलं, मला त्याबद्दल आदरच आहे. पण हा हिशेब जिथे हवा फुकट मिळते तिथला आहे. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. सिमला शहर त्याच्यापेक्षा पाचशे मीटरहून जास्त वर. म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो त्याच्या बऱ्याच वर तिथली पहिली चहाची टपरी. हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या काझाच्या उंचीवर, साधारण ३७०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्याही किंचित खाली जातो. तिथे पुण्यातला तुमचा 'ॲव्हरेज स्पीड' विचारायला कुणी येत नाही.

डॉक्टर लोकांचा नियम सोपा आहे. ३००० मीटरच्या वर गेलात की झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच काढायचा. दिवसा वर चढून खाली येऊन झोपलात तर आणखी चांगलं. आता हा नियम मनाली-लेहला लावून बघा. मनाली २०५० मीटर. जिस्पा ३२०० च्या आसपास. पुढचा मुक्काम झिंगझिंगबारला केला तर ४२०० च्या वर. मग बारालाचा खिंड ओलांडून सरचू, तेही ४२०० च्या पुढेच. आणि खरी अडचण उंचीची नाहीच, सुटकेची आहे. सरचूला किंवा त्यापुढच्या पांगला रात्री कुणाचं डोकं फुटायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर खाली उतरायचं कुठे? दोन्ही बाजूंना खिंडी. खाली यायला आधी वर जावं लागतं. तरुण, फिट, तासाला पस्तीसने सायकल हाणणारी मुलं इथेच आडवी होतात, कारण फिटनेसचा आणि उंची सोसण्याचा फारसा संबंध नाही. उलट फिट माणूस वेगाने वर पोचतो आणि लवकर आजारी पडतो.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी स्पिती सुचवतो, आणि तीसुद्धा सिमल्याकडून. सिमला, नारकंडा, रामपूर, कल्पा, नाको, ताबो, काझा. नारकंडा २७०० मीटर, तिथून सतलजपर्यंत उतरत रामपूरला थेट हजार मीटरच्या आसपास, मग कल्पाला पुन्हा २९००. मिळवलेली उंची घालवायची म्हणून लोक या रस्त्यावर चिडतात. शरीराला मात्र तेच हवं असतं. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून नाकोचा चढ हजार मीटरहून जास्त, उघडाबोडका, पाण्याचा भरवसा नसलेला. नाको ३६६० मीटर, म्हणजे कल्पाहून ही एक उडी नियमापेक्षा मोठी, पण दुसऱ्या दिवशी ताबो ३२८०. चढून जाऊन खाली झोपणं या रस्त्यावर आपोआप जमतं. ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा आहे. मातीच्या भिंती, आत हजार वर्षांची चित्रं. तिथे एक दिवस काढा. विश्रांतीच्या दिवसाला 'वाया गेलेला दिवस' म्हणणारा भिडू असेल तर त्याला मनालीच्या ग्रुपात पाठवून द्या.

रामपूर ते कल्पा या टप्प्याबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. जलविद्युत प्रकल्प, ट्रक, बोगद्यांची कामं आणि नाकातोंडात धूळ. तिथे सरळ एचआरटीसीच्या (हिमाचलच्या एसटीच्या) बसच्या टपावर सायकली टाका आणि रेकाँग पिओला उतरा. 'पूर्ण रूट सायकलने' हा हट्ट कुणासाठी? स्ट्राव्हा ॲपच्या नकाशावर एक सलग रेघ दिसावी म्हणून? वाचलेला दिवस कल्पाला द्या. सकाळी किन्नर कैलास समोर उभा असतो, आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत १९५१ साली सगळ्यात आधी मतदान केलेले श्यामसरण नेगी याच गावचे. पिओ ते कल्पा हा चढ मात्र बसने करू नका, तो पायांनी करण्यासारखा आहे.

खारदुंग लाबद्दल दोन शब्द. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. प्रत्यक्ष उंची ५३५९ मीटर, म्हणजे पाटीपेक्षा जवळजवळ आठशे फूट कमी. शिवाय उमलिंग ला या खिंडीतला रस्ता त्याच्याही वर, ५७९८ मीटरवर आहे. उंचीच्या मागे लागलात तर पुढच्या वर्षी कुणी तरी आणखी वर रस्ता बांधणारच आहे.

आता 'रोड की ग्रॅव्हल' हा वाद, म्हणजे डांबरी रस्त्याची बारीक टायरची सायकल न्यायची की कच्च्या रस्त्याची जाड टायरची. काझापर्यंतचा मुख्य रस्ता बराचसा डांबरी आहे, मधे दरडीने खाल्लेले तुकडे. पण स्पितीची मजा मुख्य रस्त्यावर नाही. ती काझाहून लांग्झा, हिक्कीम, कोमिक अशा वरच्या रस्त्यांवर आहे, ढंखरच्या चढावर आहे, पिन खोऱ्यात मूदकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. कोमिक ४५०० मीटरच्या वर. हिक्कीमच्या पोस्टातून सगळे घरी पत्र टाकतात, तुम्हीही टाका, लाजू नका. महत्त्वाचं म्हणजे सामान काझाला खोलीत ठेवून, मोकळ्या सायकलवर जाऊन संध्याकाळी परत यायचं. २८ मिलिमीटरच्या टायरवर हे सगळं म्हणजे दातांची परीक्षा. ४० ते ४५ मिलिमीटर, ट्यूबलेस, आणि तरीही एक ट्यूब जवळ. एकच सायकल दोन्हीकडे पुरते, त्यासाठी दुसरी घ्यायला घरी परवानगी मागू नका (मागायची असेल तर स्पितीचं निमित्त चांगलं आहे, ते वेगळं).

गिअरच्या बाबतीत अहंकार घरी ठेवा. मागची सगळ्यात मोठी चकती पुढच्या सगळ्यात लहान चेनरिंगपेक्षा मोठी हवी. सामान लादून ४००० मीटरवर आठ टक्क्यांचा चढ म्हणजे सिंहगडाचा शेवटचा टप्पा तोंडाला कापड बांधून चढल्यासारखं. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ज्यावर बसतो तो हँगर एक जादा न्या, तुमच्या सायकलचा हँगर काझात कुणाकडे मिळणार नाही. ब्रेक पॅडचा एक जोड जास्त, कारण नारकंड्याहून सतलजपर्यंतचा उतार वरंध्यापेक्षा बराच मोठा आहे. टायरमध्ये हवा भरायच्या सीओटूच्या नळकांड्या विमानात अडकतात, साधा हातपंप बरा. आणि एक गंमत: टायरमध्ये खाली भरलेला दाब ४५०० मीटरवर गेजमध्ये पाच-सहा पीएसआय जास्त दिसतो, कारण बाहेरची हवा तेवढी हलकी झालेली असते. कच्च्या रस्त्याआधी थोडी हवा सोडा.

सराव सह्याद्रीत होतो का? चढाचा होतो, उंचीचा होत नाही. शनिवारी टेमघर-लवासा, रविवारी पुन्हा सिंहगड, आणि दोन्ही दिवस बॅगा लावून. खडीवरून उतरायची सवय वेल्हे-भोरकडच्या कच्च्या रस्त्यांवर होते.

तारखांचं बघा. १५ ऑगस्टला जोडून रजा टाकायचा मोह आपल्याकडे फार. कल्पा, नाको ज्यात येतात त्या किन्नौर जिल्ह्यात तेव्हा पावसाचा जोर असतो. २०२१ मध्ये २५ जुलैला सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ दरडीतले दगड गाडीवर कोसळून नऊ पर्यटक गेले, आणि ११ ऑगस्टला निगुलसरीला दरड कोसळली तिच्याखाली एचआरटीसीची बस सापडली. स्पिती पर्जन्यछायेत आहे हे खरं, पण स्पितीला पोचायचं किन्नौरातूनच. जूनचा मध्य किंवा सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. सप्टेंबरात सफरचंदांचे ट्रक जास्त आणि काझाच्या पहाटे बोचऱ्या, पण आकाश स्वच्छ. जुलै २०२३ च्या पावसात कुंझुम खिंडीजवळच्या चंद्रताल तलावाकाठी अडीचशेहून जास्त माणसं अडकली होती. जुलैत तिकडे जायची घाई असलेल्यांनी त्या वेळच्या बातम्या काढून वाचाव्यात.

कुंझुम खिंड ओलांडून मनालीला उतरायचं का, हे पुण्यात बसून ठरवू नका. काझाला पोचल्यावर ठरवा. लोसर ४००० मीटरच्या पुढे, खिंड ४५५१ मीटर, म्हणजे तोवर सवय झालेल्या शरीराला चढ फार नाही. खरा त्रास पलीकडे, बातलपासून ग्रांफूपर्यंत: दगडगोटे आणि रस्त्यावरून वाहणारे नाले. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळून नाल्यांचं पाणी वाढतं, म्हणून ते सकाळीच पार करायचे. दुपारी तीनला छत्रूच्या अलीकडे गुडघाभर पाण्यात उभं राहून ग्रुपमध्ये भांडणं होतात. पाणी जास्त आहे असं स्थानिक ड्रायव्हर म्हणाला तर वाद घालू नका, सायकली गाडीत टाका.

बाकी किरकोळ: रोख पैसे न्या. मेतकूट आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू न्या, राजमा-चावलाचा कितीही प्रेमाने केला तरी चौथ्या दिवशी कंटाळा येतो. अमेरिकेतून येणारा मित्र सोबत असेल आणि त्याचा पासपोर्ट परदेशी असेल तर पिओ ते ताबो टप्प्यासाठी त्याला परमिट लागतं, आपल्याला नाही. डोकेदुखीची गोळी खाऊन वर चढत राहणारा कुणी ग्रुपात असेल तर त्याला त्या दिवशी थांबवा, मग तो कितीही सीनियर असो. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरला विचारा, मला नको.

आणि एवढं सगळं करायला जाण्यायेण्यासकट दोन आठवड्यांहून जास्त रजा लागते. ती मिळत नसेल तर स्पिती कोंबून बसवू नका. नारकंडा, सराहन, कल्पा, आणि करछमहून सांगला-चितकुल एवढंच करा. सगळे मुक्काम ३५०० मीटरच्या आत, चढ पोटभर, आणि चितकुलच्या पुढे काही अंतर कच्चा रस्ताही मिळतो.