चावून घेण्याची सभ्य रीत

कुत्रा चावला की माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघतो 'आई गं' आणि दुसरा 'सॉरी'. पहिला शरीराचा, दुसरा संस्कारांचा. तुमच्या बाबतीत असंच झालं असेल, तर निम्मी परीक्षा तुम्ही पास झालात. उरलेल्या निम्म्यासाठी पुढे वाचा.

दात अजून पोटरीतच असतात, तेवढ्यात मालक धावत येतो, साखळी खेचतो आणि कळवळून म्हणतो, "असं त्यानं आधी कधीच केलं नाही हो!" हे वाक्य जपून ठेवा, पुढे लागणार आहे. त्यातला सूर असा, की आजवर निष्कलंक राहिलेल्या एका जिवाला तुमच्या पोटरीनं नादाला लावलं. यावर तुम्ही म्हणायचं, "माझंच चुकलं, मी जरा दचकलो." आसपास चार माणसं उभी असतील तर मोठ्यानं म्हणा. उद्या प्रकरण उभं राहिलंच, तर कुत्र्याला कुणी डिवचलं होतं का, हा प्रश्न हमखास निघतो. त्याचं उत्तर मालकाच्या वकिलाला आयतं मिळावं, चार साक्षीदारांसकट.

मालकाचं नाव, पत्ता विचारू नका, चौकशी केल्यासारखं दिसतं. कुत्र्याला लस दिली आहे का, हे तर मुळीच विचारू नका. "सगळी इंजेक्शनं झालीत" असं तो म्हणाला की झालं. कागद दाखवा म्हणणं म्हणजे अविश्वास.

आता जखम. वाहत्या पाण्यानं आणि साबणानं ती 15 मिनिटं धुवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 15 मिनिटं! तेवढ्यात मालकाची समजूत काढून होते, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवून होतो आणि "काही नाही हो, खरचटलंय" हे वाक्य सहा वेळा म्हणून होतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की जवळजवळ कुणीच वाचत नाही आणि वेळेवर लस घेतली तर जवळजवळ सगळेच वाचतात, हे खरं. जखम खोल असेल तर लसीसोबत जखमेत आणखी एक इंजेक्शन द्यावं लागतं, हेही खरं. पण दवाखान्यात जाण्याचा एक तोटा लक्षात घ्या: तिथं लिहून ठेवतात. कधी चावला, कुठे चावला, किती खोल, कुणाचा कुत्रा. तारीख घालून, सही करून. मालकाच्या दृष्टीनं इतका गैरसोयीचा कागद दुसरा नाही.

फोटोही काढू नका. निदान पट्टी बांधण्याआधी तर नकोच. फाटलेले कपडे त्याच संध्याकाळी धुऊन टाका. या बाबतीत रेबीजची लस शोधणाऱ्या लुई पाश्चरचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे काय टाळायचं ते कळेल. 6 जुलै 1885 रोजी त्याच्याकडे आजच्या फ्रान्समधल्या अल्सासहून तिघं आली होती. 9 वर्षांचा जोसेफ माइस्टर, त्याची आई आणि चक्क कुत्र्याचा मालक. त्याच कुत्र्यानं मालकालाही चावा घेतला होता. पाश्चरनं मालकाचा शर्ट पाहिला. दात कापडातून आत गेलेच नव्हते, म्हणून त्याला घरी परत पाठवलं आणि पोराला लस टोचायला घेतली. एका सदऱ्यावरून एवढा निकाल लागतो! तेव्हा सदरा आधी भिजत घाला.

इथं थोडं विषयांतर. चाव्याबद्दल पैसे मागणं ही काही आजकालच्या हावरट माणसांची युक्ती नाही, फार जुन्या हावरट माणसांची आहे. आजच्या इराकमध्ये एश्नुन्ना नावाचं राज्य होतं. तिथले कायदे कोरलेल्या मातीच्या पाट्या बगदादजवळ 1945 साली आणि त्यानंतर सापडल्या. कायदे साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्यात लिहिलं आहे, की कुत्रा धोकादायक आहे असं वस्तीच्या अधिकाऱ्यांनी मालकाला कळवलं असेल, तरीही त्यानं त्याला आवरलं नाही आणि कुत्रा चावून माणूस दगावला, तर मालकानं 40 शेकेल चांदी मोजावी. मेलेला माणूस गुलाम असेल तर 15. ग्रीक कायदेकर्त्या सोलोननं तर चावऱ्या कुत्र्याच्या गळ्यात तीन हात लांबीचं लाकडी लोढणं अडकवून तो हवाली करायला लावला. रोमन लोकांनी मालकाला दोन वाटा दिल्या, नुकसान भर नाहीतर जनावर देऊन टाक.

पण एश्नुन्नाच्या कलमातली गोम पाहिलीत ना? 'कळवलं असेल' तर. मालकाला आधी ठाऊक होतं का, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत भुंकतोच आहे. काही देशांत मालकाला ठाऊक असो वा नसो, कुत्रा चावला की तो जबाबदार. पण इंग्रजी कायद्याच्या जुन्या वळणावर चालणाऱ्या ठिकाणी आपल्या कुत्र्याचा स्वभाव मालकाला माहीत होता, हे सिद्ध करावं लागत असे आणि काही ठिकाणी अजूनही लागतं. आता ते जपून ठेवलेलं वाक्य काढा: "असं त्यानं आधी कधीच केलं नाही." तुम्हाला वाटलं होतं, माणूस हळहळतोय. तो त्याचा बचाव होता हो, पहिल्याच मिनिटात मांडलेला.

म्हणून शेजारीपाजारी चौकशी करत फिरू नका. चुकून कुणी सांगायचं, की गेल्या वर्षी टपालवाल्यालाही धरलं होतं. मग तुम्हाला ते माहीत झालं, आणि माहीत झालं की वकिलाला सांगावंसं वाटतं. फाटकावरच्या 'कुत्र्यापासून सावध' या पाटीकडेही बघू नका. ती पाटी दुधारी आहे. मालक म्हणेल, मी इशारा दिला होता. वकील म्हणेल, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. उगाच बिचारा पाटीवाला अडचणीत यायचा.

वकिलाकडे जाऊच नये. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं आहे. ही म्हण नेमकी कुणाच्या सोयीची, असले प्रश्न विचारायचे नसतात. वकील भलत्याच वस्तू मोजायला लावतो: औषधांची बिलं, बुडालेली मजुरी किंवा पगार, दवाखान्याच्या खेपांचा खर्च, पुढे लागणारी शस्त्रक्रिया, राहिलेला व्रण. रात्री झोप लागते का, असंही विचारतो. माणूस आपल्या दुखण्याची यादी करायला बसला की ती किती लांब आहे हे कळतं, आणि ते कळणं तब्येतीला बरं नाही. मुलाला चावला असेल तर आणखी घाई करू नका. लहान मुलांना चावा बहुधा चेहऱ्यावर, मानेवर बसतो, कारण त्यांची उंचीच तेवढी. चेहरा वाढतो, व्रणही बदलत जातो, उपचार वर्षानुवर्षं चालू शकतात. पण पोरगं आत्ता हसतंय ना? मग मिटलं.

दावा दाखल करायला मुदत असते म्हणतात. ती उलटून जाऊ द्या. मुदत उलटल्यावर माणसाला विलक्षण शांत वाटतं, विशेषतः समोरच्याला.

काही देशांत घराच्या विम्यातूनच कुत्र्याच्या चाव्याची भरपाई मिळते, म्हणजे मालकाच्या खिशाला हातही लागत नाही. त्यामुळे 'पैसे मागितले तर मैत्री तुटेल' हे कारण थोडं लंगडं पडतं खरं, पण तुम्ही ते सोडू नका. विमा कंपनीतून गोड आवाजात फोन येईल, "आता कसं वाटतंय?" तुम्ही संस्कारी आहात, "बरं आहे" म्हणणारच. ते वाक्य तिकडे नोंदलं जातं. त्याच आठवड्यात डोंगर चढतानाचा एक फोटोही टाका, लंगडत असलात तरी. फोटोत लंगडणं दिसत नाही.

आणि मग मालक स्वतः येईल. हातात पाकीट, पाकिटात थोडे पैसे आणि एक कागद. 'सर्व हिशेब पूर्ण, यापुढे काहीही तक्रार नाही.' लगेच सही करा. जखम हाताला असेल तर ती आतून पिकते का, बोट पूर्ण वळतं का, हे कळायला कधी काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. तोवर थांबणं म्हणजे पाहुण्याला ताटकळत ठेवणं. कागद वाचूही नका, समोर बसून वाचलं तर त्याला वाईट वाटेल.

हे सगळं नीट पार पडलं, की वर्षभरानं एखाद्या संध्याकाळी तुम्ही त्याच फाटकावरून जात असाल. आतून ओरडा ऐकू येईल. एक अनोळखी मुलगी मनगट घट्ट धरून उभी असेल, बोटांमधून रक्त येत असेल, आणि मालक साखळी खेचत म्हणत असेल, "असं त्यानं आधी कधीच केलं नाही हो!" कागदोपत्री अगदी खरं. दवाखान्यात नोंद नाही, तक्रार नाही, फोटो नाही, तुमची तर सहीच आहे. मुलगी मालकाकडे बघेल, मग तुमच्याकडे.

पँट जरा खाली ओढून घ्या, पोटरी दिसायला नको. आणि मान डोलवा.