सर्व्हर इथेही डाऊनच असतो

दादाचा फोन आला तेव्हा मी गॅरेजात उभी होते. फेब्रुवारीतली सकाळ, बाहेर उणे सहा, आणि समोर आमची चौदा महिन्यांची इलेक्ट्रिक गाडी. रात्री अकराला तिने ‘अपडेट करू का?’ असं विचारलं, मी हो म्हटलं, आणि सकाळी ती मुकी.

“सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तिसऱ्यांदा परत पाठवलं मला,” दादा कोथरूडहून बोलत होता. त्याचीही गाडी इलेक्ट्रिकच. “नवीन सॉफ्टवेअर टाकलं म्हणतात. तेव्हापासून रेंज चाळीस किलोमीटरनी कमी दाखवते. तुमच्याकडे जर्मनीत असलं कुणी खपवून घेत नसेल, नाही का गं?”

मी फोन गाडीच्या पडद्यासमोर धरला. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की अपडेट अयशस्वी झालंय, गाडी चालवू नका, वर्कशॉपशी संपर्क साधा.

“अरेच्चा, म्हणजे आमच्यासारखंच की,” दादा म्हणाला. त्याला बरं वाटलेलं मला श्टुटगार्टपर्यंत ऐकू आलं.

‘बाहेर असं चालत नाही’ हे आपल्याकडच्या गप्पांतलं हुकमी वाक्य आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या ओला इलेक्ट्रिकला नोटीस काढली. राष्ट्रीय हेल्पलाइनवर वर्षभरात १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. त्यातल्या ९९.१ टक्के निकाली काढल्या, असं कंपनीने कळवलं. त्याच सुमारास विनोदवीर कुणाल कामराने धूळ खात उभ्या स्कूटरांचा फोटो टाकला आणि कंपनीचे मालक त्याच्याशी जाहीर भांडत बसले. आमच्या घरच्या ग्रुपवर तेव्हा एकमताने ठराव झाला की आपल्या लोकांना सर्व्हिस देताच येत नाही, युरोपात बघा. मी गप्प बसले, कारण युरोपात मी बघत होते.

फोक्सवागनची आयडी.३ ही इलेक्ट्रिक गाडी सप्टेंबर २०२० मध्ये लोकांना मिळू लागली, तेव्हा तिच्या काही सुविधा तयारच नव्हत्या. त्या मागाहून देऊ, असं सांगूनच गाड्या हाती दिल्या. पुढे आपोआप येणारी अपडेट्स मिळवण्यासाठी आधी त्याच गाड्या वर्कशॉपात न्याव्या लागल्या, आणि बऱ्याच जणांची बारा व्होल्टची बॅटरीही बदलावी लागली. दादाच्या चाळीस किलोमीटरांचीसुद्धा थोरली बहीण आहे. टेस्लाने २०१९ मध्ये एका अपडेटमधून काही जुन्या मॉडेल एस गाड्यांच्या बॅटरीचं व्होल्टेज मर्यादित केलं. अमेरिकेत मालक कोर्टात गेले, २०२१ मध्ये तडजोड झाली आणि १,७४३ जणांना प्रत्येकी ६२५ डॉलर मिळाले. दादाला हे सांगितलं तर तो लगेच रुपयांत हिशोब करू लागला.

इथे येण्याआधी मी आठ वर्षं हिंजवडीत होते आणि गाड्यांच्या डायग्नोस्टिक्सचं, म्हणजे बिघाड शोधणारं सॉफ्टवेअर लिहायचे, गिऱ्हाईक बहुतेक जर्मनच. त्यामुळे माझी गाडी का बसली याचा अंदाज मला उभ्या उभ्या आला. गाडीत डझनावारी कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, असतात आणि प्रत्येकाचं व्हर्जन इतरांशी जुळावं लागतं. नवीन प्रोग्रॅम चढत असताना मोठी बॅटरी बाजूला असते, सगळा भार त्या छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर. थंडीने ती ढेपाळली की एखादं युनिट अर्धं जुनं, अर्धं नवं होऊन बसतं. म्हणून तर वर्कशॉपात फ्लॅश करताना, म्हणजे प्रोग्रॅम चढवताना, आधी बाहेरून वीज जोडतात. घरच्या गॅरेजात ती कोण जोडणार? संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत आर१५६ नावाचा एक नियम आहे आणि जुलै २०२४ पासून तो युरोपात सगळ्या नव्या गाड्यांना लागू आहे. अपडेट फसलं तर गाडी जुन्या व्हर्जनवर परत यावी किंवा सुरक्षित अवस्थेत जावी, असं त्यात म्हटलंय. माझी सुरक्षित अवस्थेत गेली होती. जी जागची हलतच नाही तिच्याइतकी सुरक्षित गाडी कोणती!

आता डीलर. इथे डीलरकडे नुसतं जाता येत नाही, टर्मिन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, घ्यावा लागतो. मला तो पाच आठवड्यांनी मिळाला. गाडी टो करून नेली आणि ती त्यांच्या अंगणात बर्फ झेलत बसली. फोनवर बाई अतिशय सभ्य, पण मेकॅनिकशी बोलू देणार नाहीत. आणि शेवटी टर्मिनच्या दिवशी जे कारण मिळालं ते ऐकून मला पुण्याची आठवण दाटून आली. कंपनीचा सर्व्हर डाऊन आहे.

दादाकडे हेच, फक्त माणसं वेगळी. ‘लॅपटॉपवाले सर उद्या येतील,’ असं त्याला तीन दिवस सांगितलं, कारण ते एकच सर तीन सर्व्हिस सेंटरं सांभाळतात. पण सर्व्हिस ॲडव्हायझरचा मोबाइल नंबर दादाकडे आहे, आणि रात्री नऊलाही तो पोरगा फोन उचलतो. हे मला इथे पाच आठवड्यांत एकदाही लाभलं नाही. याचं मोल मी जाणते. तरी सांगते, त्या पोराच्या गोडव्यानेच दादाचं नुकसान केलंय. तीन फेऱ्यांत त्याने दादाला चहा पाजला, सॉरी म्हटलं, गाडी चकाचक धुऊन दिली. तिन्ही जॉबकार्डांवर मजकूर एकच, ‘जनरल चेकअप, वॉशिंग’. सॉफ्टवेअर बदलल्याचा एका अक्षराचा पुरावा दादाच्या हातात नाही.

माझ्या हातात होता, आणि तेवढ्यावर पुढचं घडलं. डीलरने निदान लेखी दिलं. अपडेटच्या वेळी व्होल्टेज पडलं, बॅटरी बदलावी, अमुक युनिट पुन्हा फ्लॅश करावं, व्हर्जन आधीचं हे, नंतरचं ते. खाली खर्च आणि त्याखाली एक गोड ओळ, ‘कुलान्झ म्हणून निम्मी रक्कम आम्ही सोसू.’

हा कुलान्झ शब्द इथे राहणाऱ्याने आल्या आल्या शिकावा. त्याचा अर्थ मेहेरबानी. तुमचा हक्क नाही, तरी आम्ही मोठ्या मनाने देतोय. इथल्या कायद्याने वस्तूतल्या दोषाला विक्रेता दोन वर्षं बांधील असतो, पण पहिल्या बारा महिन्यांनंतर दोष मुळातच होता हे गिऱ्हाइकाला सिद्ध करावं लागतं. माझी गाडी चौदा महिन्यांची, म्हणजे नेमकी या फटीत अडकलेली. डीलरला ते पाठ होतं. मात्र जानेवारी २०२२ पासून गाडीसारखी वस्तू कायद्याने ‘डिजिटल घटक असलेली’ धरली जाते, आणि अपडेट देणं हीदेखील विक्रेत्याचीच जबाबदारी. मी पत्र लिहिलं की बॅटरी वापराने झिजली असेल-नसेल, ती तपासल्याशिवाय अपडेट सुरू केलं ते तुमच्या सॉफ्टवेअरने. तळाला माझ्या कोर्टकचेरीच्या विम्याचा नंबर टाकला.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. पूर्ण रक्कम माफ. नाव मात्र कुलान्झच ठेवलं!

ही जर्मन सचोटी आहे असं मला कुणी सांगू नये. इथल्या कितीतरी घरांत वकिलाचा खर्च उचलणारा विमा असतो. समोरचा कोर्टात जाऊ शकतो, आणि ते त्याला परवडतं, एवढीच धास्ती डीलरला असते. ज्या शेजाऱ्याकडे तो विमा नाही त्याने निम्मे पैसे मुकाट्याने भरले, आणि वर डीलरचे आभार मानले.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, आणि सदोष वस्तूसाठी निर्माता, विक्रेता, सेवा देणारा अशा तिघांनाही त्यात धरता येतं. दादाच्या गाडीच्या किमतीला जिल्हा ग्राहक आयोगात चारशे रुपये शुल्क. तक्रार घरबसल्या ऑनलाइन करता येते. तीन महिन्यांत निकाल लागावा, तांत्रिक तपासणी लागली तर पाच, असं त्यात लिहिलंय. हे वाचून दाखवलं तेव्हा दादा इतका हसला की वहिनी बघायला आली.

म्हणून शोरूम डीलरचं असावं की थेट कंपनीचं, या वादात मला रस नाही. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला स्वतःचं दुकान उघडलं तेव्हा तो पुन्हा पेटला. दुकान कुणाचंही असो, गाडीत काय घातलं हे कागदावर नसेल तर आयोगापुढे नेणार काय? आपल्या चर्चा ‘उद्धट स्टाफ’ आणि ‘मालकाचा माज’ यांत विरून जातात, जॉबकार्डाकडे कुणी बघत नाही. मी दादाला एवढंच सांगितलं की गाडी देताना आणि घेताना, दोन्ही वेळा सॉफ्टवेअरचं व्हर्जन त्यावर लिहून घे, सही घे, पडद्याचा फोटो काढ.

“अगं, ते म्हणतील त्यासाठी कॉलमच नाही.”

“मग रिकाम्या जागेत लिही म्हणावं.”

काल त्याने फोटो पाठवला. ‘जनरल चेकअप, वॉशिंग’ आहेच. खाली कोपऱ्यात बॉलपेनने एक आकडा आहे, शेजारी त्या पोराची सही. आकडा आधीच्या व्हर्जनचा. नंतरचा लिहायचा राहून गेलाय. शनिवारी परत जाऊन उभा राहतो म्हणाला.