बंद रस्ता, काळा घोडा

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने एक लांबलचक मजकूर लिहिला. त्या रविवारी बडोद्यात धावण्याची मोठी शर्यत होती, पहाटेपासून अनेक रस्ते बंद होते, आणि दादाचे म्हणणे असे होते की संस्कारनगरी म्हणवणाऱ्या गावाला हे इंग्रजी खूळ शोभत नाही. ज्यांना आयुष्यात कधी कीर्तिमंदिराची, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकाची, पायरी चढावीशी वाटली नाही, ते टी-शर्ट आणि पदकासाठी रस्ता अडवून पळतात. यालाच संस्कृती म्हणायचे असेल, तर गाणे, नाटक आणि चित्र यांना काय म्हणायचे, असा त्याचा प्रश्न होता. काकांनी आणि मावसभावांनी त्याखाली अंगठे उमटवले. मी तो मजकूर लंडनमध्ये, धावायला निघताना बुटांच्या नाड्या बांधता बांधता वाचला, आणि त्या दिवशीचे दहा किलोमीटर दादाशी मनातल्या मनात भांडण्यात गेले.

रस्त्यांची तक्रार मी वाचून सोडून दिली. कला एका पारड्यात आणि घाम दुसऱ्या पारड्यात, अशी वाटणी बडोद्याच्या माणसाने करावी, हे मात्र मला सहन झाले नाही. आमचे घर दांडिया बाजारात. दादा शाळेत असताना रोज संध्याकाळी प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात, म्हणजे जुम्मादादा व्यायाममंदिरात, मल्लखांबाला जात असे. एरंडेलाचा वास सदऱ्यातून जात नाही म्हणून आजी कुरकुर करी, पण पाहुणे आले की त्याची पाठ थोपटून ‘आमचा आखाड्यातला आहे’ असे तीच अभिमानाने सांगे. तेव्हा मल्लखांब ही संस्कृतीच होती, आणि त्याबद्दल घरात कोणाला शंका नव्हती. मला त्याच वेळी गाण्याच्या क्लासला घातले होते. मुलगी धावेल हे कोणाच्या डोक्यातही आले नव्हते. मी पहिल्यांदा धावले ते चाळिशीच्या उंबरठ्यावर, परमुलखात, आपल्याला ओळखणारे कोणी बघत नाही या धीरावर.

दादा ज्या संस्कृतीचा हवाला देतो, ती उभी करणाऱ्या महाराज सयाजीराव गायकवाडांनी तरी ही वाटणी केली होती का? 1879 साली विश्वामित्रीच्या काठी बाग झाली, तिलाच आपण कमाटी बाग म्हणतो. संग्रहालय 1894 मध्ये त्याच बागेत आले आणि त्याला लागून चित्रसंग्रहालयाची इमारत 1908 ते 1914 या काळात उभी राहिली. युरोपातली चित्रे महाराजांसाठी स्पीलमन नावाच्या इंग्रज कलासमीक्षकाने निवडली होती. महायुद्धामुळे ती येण्यास उशीर झाला आणि दालने 1921 मध्ये उघडली. ही चित्रे राजवाड्यात टांगता आली असती. ती जिथे माणसे फिरायला, मुले खेळायला आणि पहिलवान मोकळी हवा खायला येतात, तिथे ठेवली गेली, याचा अर्थ मला तरी एकच दिसतो. आजही पहाटे कमाटी बागेत चालणाऱ्यांच्या आणि धावणाऱ्यांच्या रांगा लागतात. त्यांच्या वाटेपासून चित्रसंग्रहालय हाकेच्या अंतरावर आहे.

इथे माझा शनिवार असाच जातो, आणि त्यात मला काही विशेष वाटत नाही. महिन्यातून एकदा तरी मी पहाटेची गाडी धरून बुशी पार्कला जाते. 2004 मध्ये 13 जणांनी जिथे पहिल्यांदा पार्करन, म्हणजे आता दर शनिवारी होणारी मोफत धाव, धावली, तिथे आता गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, आणि हरणे बाजूला शांत चरत असतात. नऊला सुटायचे, पाच किलोमीटर संपले की वेळ नोंदवायला बारकोड दाखवायचा, थर्मासमधला चहा प्यायचा आणि ओल्या मोज्यांनिशी वॉटर्लूची गाडी धरून नॅशनल गॅलरी गाठायची. तिथे टर्नर या इंग्रज चित्रकाराच्या, पावसातून धावणाऱ्या आगगाडीच्या चित्रापुढे मी नेहमी थांबते. इंजिनाच्या पुढे, रुळांवर, एक ससा जिवाच्या आकांताने पळतो आहे. 1844 च्या त्या चित्रातला तो ससा आता इतका पुसट झाला आहे की ठाऊक नसेल तर दिसत नाही. पोटऱ्या ठणकत असताना तो शोधणे आणि आरामात आलेल्या माणसाने तो शोधणे, यांत फरक आहे असे माझे प्रामाणिक मत आहे.

दुसरी गोष्ट मी दादाला मुद्दाम लिहिली. संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर मी हाइड पार्क कॉर्नरवरून धावते. तिथे मशीनगन पथकाचे 1925 सालचे स्मारक आहे: हातात राक्षसी गोलायथची तलवार घेतलेला, बायबलमधला विवस्त्र डेव्हिड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पुष्पचक्रांखाली ठेवलेल्या ब्राँझच्या दोन मशीनगन. शिल्पकार फ्रान्सिस डर्वेंट वुड. कमाटी बागेच्या दारातला आपला काळा घोडा, घोड्यावर बसलेले सयाजीराव, तोही याच माणसाचा. महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांसाठी त्याने धातूचे पातळ मुखवटे घडवले, आणि मग हा डेव्हिड. हे कळल्यापासून मी तिथे क्षणभर थांबून चौथऱ्याला हात लावते. मला तो दांडिया बाजारच्या अलीकडचा कोपरा वाटतो, म्हणजे मी घराच्या वाटेवरच धावते आहे असे वाटते. हे मी पायी धावले म्हणून मला सापडले. बसच्या वरच्या मजल्यावरून मी तो पुतळा वर्षानुवर्षे पाहिला होता आणि कधी ओळखला नव्हता.

एवढे लिहून मी थांबले असते तर बरे झाले असते. पुढे मी असेही लिहिले की लंडनची मॅरेथॉन 1981 पासून होते आहे, त्या दिवशी निम्मे शहर बंद असते, तरी लोक दारासमोर खुर्च्या टाकून टाळ्या वाजवतात आणि कोणी कुरकुर करत नाही. यातले शेवटचे वाक्य खरे नाही. मी ग्रिनिचला राहते, शर्यत माझ्या घराच्या कोपऱ्यावरून जाते, आणि रस्ता ओलांडता येत नाही म्हणून शेजारच्या आजीबाई त्या रविवारी मुलीकडे जाऊ शकत नाहीत, हे मला दर वर्षी ऐकावे लागते. मात्र कोणता रस्ता कधी बंद आणि कधी उघडणार, याचे पत्रक कित्येक दिवस आधी दारात येऊन पडते. दादाला मी टाळ्यांबद्दल लिहिले, पत्रकाबद्दल लिहिले नाही. पत्रकाबद्दल लिहिले असते, तर वादाचा मुद्दा निराळाच झाला असता.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. त्या रविवारी पहाटे आईला चक्कर आली होती. दादाने तिला गाडीत घातले आणि नदीपलीकडच्या दवाखान्यात न्यायला निघाला, तर अकोटा पुलाच्या अलीकडे रस्ता बंद. कोणता रस्ता उघडा आहे हे तिथे कोणालाच नीट सांगता येईना. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. आई आता बरी आहे, रक्तदाब वाढला होता एवढेच निघाले, पण त्या पाऊण तासात ती मागच्या सीटवर वहिनीच्या खांद्यावर डोके टेकून पडली होती. मला काळजी नको म्हणून आईनेच सांगू दिले नव्हते. वहिनी शेवटी म्हणाली, “तुम्ही तिथून बोलता ते बरोबरच असेल ताई, पण गाडी इथे यांना चालवावी लागते.”

माझे मत यामुळे बदललेले नाही. शर्यत नीट आखावी, रुग्णांना जायला वाट ठेवावी आणि ती आधी जाहीर करावी, हे मागायला हवे. धावणाऱ्याला असंस्कृत ठरवण्याची गरज नाही. पण ज्या हक्काने मी हे म्हणत होते, तो मला आता तितका पक्का वाटत नाही. दादाने ज्या कीर्तिमंदिराचे नाव घेतले, त्याच्या शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड हिंदुस्थानचा नकाशा कोरलेली पृथ्वी आहे, हे मी लहानपणापासून रिक्षातून पाहत आले. आत नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात भिंतींवर चित्रे काढली. ती मी पाहिली वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, सुट्टीवर आले असताना, सकाळी धावून परतताना थांबले म्हणून. गंगावतरणाच्या भिंतीपुढे घामाचे कपडे अंगाला चिकटलेले होते आणि मला तिथून हलवेना. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रे तर आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहेत, आणि बडोद्यात होते तोवर मी त्या वाड्यात एकदाही गेले नाही. दादाने ज्यांच्यावर टीका केली, त्यांच्यात मी होतेच. दादा मात्र शाळेच्या सहलीत मित्रांना कीर्तिमंदिरातली मीराबाईची भिंत दाखवून आला होता, हे मला वहिनीकडूनच कळले.

2019 मध्ये मी लंडनची मॅरेथॉन धावले. इथे लोक बनियनवर स्वतःचे नाव छापून घेतात, म्हणजे बघे नावाने हाक मारतात. मी माझे नाव न छापता इंग्रजी अक्षरांत ‘बरोडा’ असे छापून घेतले होते. कटी सार्क या जुन्या जहाजाच्या वळणावर, टॉवर ब्रिजवर, नंतर पाय उचलेनात तेव्हा नदीकाठच्या शेवटच्या मैलांवर, हजारो अनोळखी माणसांनी मला चुकीच्या उच्चारात माझ्या गावाच्या नावाने हाक मारली. पाच तास मी कोणाची तरी बहीण, कोणाची तरी मुलगी नव्हते, बडोदे होते. बडोद्यात मला असे कोणी कधी म्हणणार नाही. तिथे मी ‘लंडनवाली ताई’ आहे.

तो फोटो मी परवा ग्रुपवर टाकला, आईच्या चौकशीच्या खाली. दादाने तो पाहून एवढेच लिहिले की नाव देवनागरीत हवे होते, आणि ‘बडोदे’ असे. मी अजून उत्तर दिलेले नाही, कारण ते वाचू शकणारे त्या रस्त्यावर कोणी उभे असेल असे मला तेव्हा वाटलेच नव्हते.